वीस घोड्यांची मोटर

जऊळक्याच्या स्टेशनात मालाच्या डब्यातून पेटी उतरवताना दोघा हमालांना ती पेलेना, म्हणून जगदेवला खांदा द्यावा लागला. खांदा देताना त्याच्या मनात नको ते आलं. त्यानं ते झटकून टाकलं आणि पेटी बैलगाडीत नीट लावून घेतली.

"संभाळून रे बाप्पा! वीस घोडे हायेत आत," उदयसिंग हसत म्हणाला. "लाथा मारतीन."

उदयसिंग म्हणजे धरणाच्या मासळीचा ठेकेदार. मूळचा धनजकडचा. अंगानं भरलेला, पांढऱ्या धोतरावर करकरीत बूट घालणारा, लहानथोरांशी हसून बोलणारा माणूस. जगदेव त्याची नाव चालवायचा. तळ्यात चोरून जाळी टाकणाऱ्यांना हुसकावणं, हे त्याचं काम.

चोरून म्हणजे तरी काय, धरणाच्या काठावरची भोयांची वस्ती पिढ्यान् पिढ्या नदीवर जगलेली. नदी अडवली, धरण झालं, तेव्हा पाणी तुमचंच म्हणून सांगितलं गेलं होतं. पुढं लिलाव झाला आणि पाणी उदयसिंगाचं झालं. भोयांपैकी कुणाला नावेवर ठेवलं तर तो आपल्या माणसांना सामील होईल, हा ठेकेदाराचा हिशेब. म्हणून त्यानं बौद्ध वस्तीतला जगदेव निवडला. जगदेव आधी एका बागाईतदाराकडं विहिरीवरचं ऑइल इंजिन चालवायचा. यंत्राची त्याला जाण होती, पोहणं येत होतं, आणि भोयांशी त्याचं ना नातं ना गोतं.

पण उदयसिंगाचा हिशेब चुकला होता तो जुन्या मोटरीपायी.

जुनी मोटर चार घोड्यांची. कुठल्याशा सर्व्हेच्या नावेवरून उतरलेली. दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा तेव्हा कुठं ती खोकायला लागायची. तिचा तो खोकला तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा. ट्रकच्या ट्यूबा बांधून केलेल्या तराफ्यांवर भोई जाळी टाकून बसलेले असत. मोटर खोकली की सावकाश जाळी गोळा करत, वल्हं मारत काठाला लागत. जगदेव मोठ्या आवेशानं पाठलाग करी आणि दरवेळी थोडक्यात चुके. अगदीच जवळ पोचलाच, तर नाव बुडालेल्या झाडांकडं वळवायची. पंखा खुंटाला लागला की त्यातली पितळी पिन तुटते आणि पंखा फिरायचा थांबतो. तुटलेली पिन संध्याकाळी मालकापुढं ठेवायची, की झालं.

यातलं एक अक्षर कधी कुणी कुणाशी बोललं नव्हतं. भोयांतला लखमा काठावर पोचला की मागं वळून एकदा बघायचा, एवढंच. आसेगावच्या बाजारात दोघं समोरासमोर आले तरी ओळख दाखवत नसत. पण कधीमधी जगदेवच्या घरामागच्या कुंपणात पळसाच्या पानांत गुंडाळलेला एखादा मरळ मासा सापडायचा. त्याची बायको दुर्गाबाई काही न विचारता कालवण करायची, आणि जगदेव काही न सांगता जेवायचा.

हे असंच चाललं असतं. पण त्या बाजारात कुणीतरी उदयसिंगाला ऐकू जाईल असं बोललं, "ठेकेदाराची नाव म्हशीच्याबी मांगं पडते." सगळी चहाची टपरी हसली. उदयसिंगही हसला. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, माघाचा महिना होता. मोटर काठावर उघडली तेव्हा बघायला गाव लोटलं. काळी, चकचकीत, मांडीएवढी जाड. जगदेवनं तिच्यावरून हात फिरवला आणि त्याला नावेची काळजी पडली. नाव लहान, सागाची, मागची फळी जुनी. दोन आडवे बांबू ठोकून फळी मजबूत केली, मोटर कसली, नाव पाण्यात लोटली. मागचा भाग असा खाली बसला, की फळीची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर राहिली.

"मालक, नाव लहान हाय. हे वजन तिले झेपत नाही," जगदेव म्हणाला.

"मांगं वजन झालं ना? मंग समोर मी बसतो. झाली बरोबरी."

असं म्हणून उदयसिंग बुटांसकट नावेत चढला आणि पुढच्या टोकाशी जाऊन बसला. एका हातानं त्यानं कड घट्ट पकडली होती. त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. नावेला त्याच्या वजनाची गरजच होती.

जगदेवनं दोरी ओढली. एकाच हिसक्यात मोटर गरजली. नावेनं नाक वर केलं आणि ती पाण्यावरून अशी सुटली, की त्याचं मुंडासं उडून गेलं. बगळ्यांचे थवे उठले. पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं. आणि खरं सांगायचं तर जगदेवला हसू फुटलं. पोटातून आलेलं, लहानपणी उतारावर बैलगाडी सुटल्यावर यायचं तसं हसू. त्यानं मूठ आणखी पिळली.

परत येताना त्याला काठ दिसला. नावेच्या मागून आलेली लाट धुणं धुणाऱ्या बायकांपर्यंत चढली होती. कुणाचं लुगडं वाहून गेलं होतं, कुणाची घागर. लखमाची बायको गोमतीबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरून आपली घागर पकडत होती. तिनं वर पाहिलं.

"जगदेवभाऊ, आता पान्यालेबी तुमचा धाक," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी दुर्गाबाईनं ताट वाढलं आणि समोर बसली. गावात जे सगळ्यांना कळलं होतं ते तिलाही कळलं होतं.

"आता पकडा लागन त्याहिले," ती म्हणाली.

"हो."

"जुन्या मोटरीच्या पदराआड लपत होते तुमी. आता कोनाच्या आड लपसान?"

जगदेव ताटावरून उठला. हात धुतले आणि तसाच भोयांच्या वस्तीकडं निघाला. या वस्तीत तो कधी आला नव्हता. लखमा दारात बसून फाटलेलं जाळं सांधत होता. त्यानं जगदेवला बसायला सांगितलं नाही.

"लखमा, आता उघड्या पान्यात येऊ नका. हे मोटर लय जोराची हाय. दोन मिनिटात गाठते."

"सांगाले आला का धमकी द्याले?"

"सांगाले आलो."

"मालकानं धाडलं?"

"नाही रे. माह्या मनानं आलो."

लखमानं सुई थांबवली. "तुहं मन आमाले म्हाईत हाय. पन मन मोटर चालवत नाही ना. हात चालवते. अन् हात त तुहा त्याच्या पगाराचा हाय." मग जरा नरमाईनं म्हणाला, "आमी झाडाच्या बाजूनं राहू. तिकडे तुही मोठी मोटर येत नाही. पन झाडात मासोळी किती घावते? कवातरी बाहेर या लागनच."

तसंच झालं. पंधरवडा शांततेत गेला. मग एका सकाळी दोघं भाऊ, नव्या लग्नाचे, झाडांतून बाहेर उघड्या पाण्यात आले. उदयसिंगानं पुढं बसल्याबसल्या बोट दाखवलं. जगदेव मोटरीचा जोर मुद्दाम कमी ठेवू लागला, तर उदयसिंग मागं न बघताच म्हणाला, "घोडे झोपले का रे?"

काठ यायच्या कितीतरी आधी दोघं हाती लागले. उदयसिंगानं त्यांना बोट लावलं नाही, शिवी दिली नाही. फक्त जाळी काठावर आणायला सांगितली, त्यांचा ढीग करवला, आणि जगदेवकडं हात केला.

"पेट्रोलचा डबा दे."

जगदेवनं दिला. नायलॉनची जाळी पेटली, वितळली, काळे थेंब गळत वाळूत चिकटले. तो उग्र वास वस्तीवर दिवसभर बसून राहिला. दोघं भाऊ हात बांधून बघत होते. त्यांची आई मात्र जाळाकडं बघत नव्हती, ती डबा कुणाच्या हातातून आला तिकडं बघत होती.

त्यानंतर जगदेवच्या कुंपणात काही आलं नाही. पिठाच्या गिरणीवर त्याचा डबा शेवटी राहू लागला. टपरीत तो शिरला की गप्पा थांबत. दुर्गाबाईला विहिरीवर बायका जागा देत, पण जरा जास्तच लांब सरकून.

मग जगदेवनं जुनी युक्ती काढली. पाठलाग ऐन रंगात आला असता त्यानं नाव किंचित तिरपी घेतली आणि पंखा खुंटाला घातला. खाड् असा आवाज झाला, मोटर रिकामीच गुरगुरली. समोरचा तराफा दूर गेला.

"पिन तुटली, मालक," तो म्हणाला.

उदयसिंगानं मागं वळून बघितलं. मग कोटाच्या खिशात हात घालून एक लहानशी डबी काढली, उघडून जगदेवपुढं धरली. आत नव्या पिना चमकत होत्या.

"अकोल्याचा मिस्त्री म्हने, पिना जवळ ठेवजा. जुन्या मोटरीच्या लय तुटत होत्या, नाही?"

जगदेव मोटर वर उचलून पिन बसवू लागला. उदयसिंग पाण्याकडं बघत बसला होता, गुणगुणत होता.

"जगदेव," तो सहज म्हणाला, "मरळाचं कालवण तुही बायको कसं करते रे? चिंच घालते का आंबाडी?"

पिन जगदेवच्या बोटांतून निसटून पाण्यात पडली. उदयसिंगानं दुसरी दिली.

एवढंच. यावर पुढं तो एक शब्द बोलला नाही. काढून टाकलं नाही, दम दिला नाही. तेच जास्त वाईट होतं. जगदेवनं त्या रात्री काम सोडायचं म्हटलं, तर दुर्गाबाई म्हणाली, "सोडा. मी रोजगार हमीच्या कामावर जाईन." पण सकाळी तो पुन्हा नावेवर गेला. आपण गेलो नाही तर दुसरा कुणी परका आणतील, तो याहून वाईट वागेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. आणि दोरी ओढताच एका हिसक्यात ती गरजायची, तेव्हा हाताला आतून काहीतरी व्हायचं, हेही खरं होतं.

चैत्र लागला. पाणी उतरलं, काठ मागं सरकला. वारा सकाळपासूनच सुटायचा. त्या दिवशी उन्हं नुकतीच वर आली होती. तळ्याच्या मधोमध एकच तराफा होता. त्यावर लखमा होता आणि सोबतीला गोमतीबाई. जाळी जळाल्यापासून वस्तीतलं दुसरं कुणी उघड्या पाण्यात यायला धजत नव्हतं, म्हणून ती नवऱ्याबरोबर आली होती. नावेचा आवाज ऐकूनही लखमा काठाकडं वळला नाही. तो उभा राहून जाळं ओढत होता.

नाव जवळ गेली. "जाळं टाक इकडे," उदयसिंग म्हणाला.

"नाही टाकत," लखमा म्हणाला. "हे शेवटचं हाय. जाळाचं असन त मले घेऊन जाळा."

उदयसिंग हसला. पहिल्यांदाच त्याचं हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"फिरव रे," तो जगदेवला म्हणाला. "त्याच्या भोवताल फिरव. जरा झोका देऊ."

"मालक, बाई हाय तराफ्यावर."

"म्हनून त झोका म्हनलं. फिरव."

जगदेवनं लांबून एक फेरा घेतला. लाटा तराफ्यापर्यंत पोचेतो सपाट झाल्या. तराफा हलला, गोमतीबाई खाली बसली.

"जवळून. का मरळात चिंच घालू?" उदयसिंग म्हणाला.

जगदेवनं मूठ पिळली. दुसरा फेरा जवळून गेला. नावेनं नाक वर केलं, मागून पाण्याची भिंत उठली आणि तराफ्याखाली शिरली. आधीच वाऱ्यानं उसळलेलं पाणी. दोन ट्यूबांमधली दोरी तुटली, तराफा मधून उघडला. गोमतीबाई एका ट्यूबेला लोंबकळली. लखमा मधल्या फटीतून खाली गेला आणि त्याच्यावर त्याचंच जाळं पडलं.

जगदेवनं एकदम मोटर बंद केली.

ते करायचं नव्हतं. हळूहळू वेग कमी करायला हवा होता. पण त्या घडीला हाताला एवढंच सुचलं. नाव जागच्या जागी थबकली, नाक धाडकन खाली आलं, आणि तिनंच उठवलेली लाट मागून धावत येऊन तिच्यावर चढली. मागची फळी तर वीतभरच वर होती. पाणी आत शिरलं, आलं तसं येतच राहिलं. उदयसिंग उठून उभा राहिला, त्याचा पाय घसरला, नाव कुशीवर झाली, आणि चौघंही पाण्यात होते.

जगदेव वर आला. डोळ्यांतलं पाणी झटकून त्यानं पाहिलं. उजवीकडं नावेचं पुढचं टोक पाण्याबाहेर होतं आणि उदयसिंगाचे दोन्ही हात त्याला घट्ट धरून होते. डावीकडं गोमतीबाई ट्यूबेला धरून किंचाळत होती आणि बोट दाखवत होती. ती दाखवत होती तिथं पाण्यावर नुसते बुडबुडे येत होते.

"जगदेव!" उदयसिंगानं हाक मारली.

नाव लाकडाची. लाकूड बुडत नाही. जुन्या मोटरीच्या वेळी एकदा वादळात ती तोंडोतोंड भरली होती, तरी सकाळपर्यंत तरंगत होती. जगदेवच्या मनात हे आलं, किंवा आलं असं त्याला नंतर वाटत राहिलं.

"जगदेवा, अरे! बूट भरले माहे!"

तो बुडबुड्यांकडं गेला.

लखमा खाली एका खुंटाजवळ सापडला. जाळं पायाला गुंडाळलं होतं आणि जाळ्याचं टोक खुंटात अडकलं होतं. त्याच्याच कमरेचा विळा काढून जगदेवनं जाळं कापलं. एकदा श्वासाला वर आला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला त्याला केसांना धरून वर काढलं आणि गोमतीबाईच्या ट्यूबेवर पालथं घातलं. लखमानं पाणी ओकलं, खोकला, मग रडल्यासारखा श्वास घेतला.

तेव्हा जगदेवनं उजवीकडं पाहिलं. तिथं नावेचं टोक नव्हतं. हात नव्हते. वाऱ्यानं लाटा चालल्या होत्या. डबीतल्या पिना केव्हाच तळाशी गेल्या असतील. एक पांढरं कापड थोडा वेळ फुगून राहिलं आणि तेही गेलं.

जुनी मोटर असती तर नाव तरंगली असती. या मोटरीचं वजन मागून तिला ओढत खाली घेऊन गेलं होतं.

जगदेव तिथं बुड्या मारत राहिला. वस्तीतले तराफे येईतो, आणि आल्यावरही. दुपारी भोयांनीच ठेकेदाराला बाहेर काढलं. ज्यांची जाळी जळाली होती त्या दोन भावांनीच त्याला उचलून काठावर ठेवलं आणि त्याचं धोतर नीट केलं.

ठाण्यातून हवालदार आला, पंचनामा झाला. नाव भरली, बुडाली, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. हाकेचं कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. लखमाला तेव्हा काही ऐकू येणं शक्य नव्हतं. गोमतीबाईला आलं होतं.

आता वस्तीत जगदेवला बोलावून चहा मिळू लागला. गिरणीवर त्याचा डबा पुढं सरकवला जाऊ लागला. एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "बेस केलं बाप्पा." जगदेवनं चहाची बशी खाली ठेवली. आपण काय बेस केलं, हे त्याला त्या म्हाताऱ्याला विचारायचं होतं. विचारलं नाही. ऐकायची हिंमत नव्हती.

तेरवी उरकल्यावर उदयसिंगाचा थोरला भाऊ आला. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस, डोक्याचे नुकतेच काढलेले केस खुंटासारखे उगवत होते. तो जगदेवच्या अंगणात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मोटर काढाची हाय," तो म्हणाला. "जागा तुलेच म्हाईत. चाल."

दुर्गाबाई दारात आली. तिनं नवऱ्याकडं बघून नको अशी मान हलवली. थोरल्या भावाच्या काखेत जाड सोल होता, विहिरीवर वापरतात तसला दोर. जगदेव त्याच्या मागं गेला.

काठावर तराफा मिळाला तो लखमाचा. लखमानं वल्हं हातात घेतलं आणि दोघांना मधोमध नेलं. थोरल्या भावाला तो कोण हे माहीत नव्हतं. पाणी तिथं दोन पुरुष खोल होतं. जगदेवनं सदरा काढला. थोरल्या भावानं स्वतःच्या हातानं सोलाचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, गाठ ओढून पाहिली, आणि दुसरं टोक आपल्या मुठीत गुंडाळलं.

जगदेव पाण्यात उतरला. बुडी मारणार, एवढ्यात वरून आवाज आला.

"थांब. माह्या भावानं तुले हाक मारली होती का?"

जगदेवचं डोकं तेवढं पाण्याबाहेर होतं. कमरेचा दोर ताणलेला होता. नाही म्हणायला काही लागत नव्हतं. कुणीही साक्षीला येणार नव्हतं.

"मारली होती," तो म्हणाला. "दोनदा."

"मंग?"

"त्याच्या हातात नावीचं टोक होतं. मले वाटलं, नाव तरंगन. इकडे लखमा पान्याखाली होता. जाळं होतं पायात."

"कोन लखमा?"

मागून वल्हं थांबलं. "मी," लखमा म्हणाला.

थोरल्या भावानं मागं वळून त्याला पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश, जसं बाजारात जनावर बघतात. लखमा हलला नाही. त्याच्या हातात जड वल्हं होतं, थोरल्या भावाच्या हातात दोर होता, आणि जगदेव त्या दोराच्या टोकाला पाण्यात होता. तराफ्याखाली पाणी चुबुक चुबुक वाजत होतं.

"जा खाली," थोरला भाऊ शेवटी म्हणाला.

जगदेवनं छाती भरून घेतली आणि गेला. खाली हिरवा अंधार होता. नाव चिखलात मागून रुतून तिरपी पडली होती, मोटर अर्धी गाळात. त्यानं कमरेची गाठ सोडून तो सोल मोटरीला बांधायचा, असं ठरलं होतं. पण ओल्या सोलाची गाठ अशी आवळली होती की सुटेना. छाती जळायला लागली. पाय गाळात गुडघ्यापर्यंत रुतले होते, वर उसळी घेता येईना, म्हणून त्यानं दोराला हिसका दिला. वरून काही झालं नाही. आणखी एक हिसका. दोर सैलच राहिला. आता वर हात सुटला असेल, किंवा सोडला असेल. त्याला दुर्गाबाईची हललेली मान आठवली. त्यानं तिसरा हिसका दिला.

दोर ताणला. इतक्या जोरानं, की कंबर कापली. तो वर ओढला गेला आणि त्याचं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा थोरला भाऊ तराफ्यावर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी दोर ओढत होता. मागून लखमानं त्याच्या कमरेला विळखा घालून धरलं होतं, तो पाण्यात पडू नये म्हणून. दोघंही धापा टाकत होते.

गाठ तराफ्यावर सोडवली, आणि मोटर मग दुसऱ्या बुडीत निघाली. काठावर आणून ठेवली तेव्हा तिच्यातून गाळ गळत होता. थोरला भाऊ तिच्याजवळ बराच वेळ उकिडवा बसला. गोमतीबाईनं तांब्या आणून पुढं केला. त्यानं तांब्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि पाणी प्यायला.

"लहानपनी आमच्या विहिरीत पडला होता थो," तो जगदेवला म्हणाला. "मीच काढला होता. तवापासून पान्याले भेत होता. नावीत बसतो म्हनून घरी कोनाले सांगलं नव्हतं त्यानं."

जगदेव ओल्या अंगानं उभा होता.

"तुह्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, असं मले म्हनता येत नाही," थोरला भाऊ म्हणाला. "अन् तू वाईट केलं, असंबी नाही म्हनता येत. मले नुसतं म्हाईत करून घ्याचं होतं." तो उठला. गाडीवानाला हाक मारून त्यानं मोटर गाडीत चढवून घेतली. यावेळी जगदेवला खांदा द्यायला कुणी सांगितलं नाही.

तो पुन्हा इकडं आला नाही. पावसाळ्याआधी जगदेवही तळं सोडून जऊळक्याकडं एका शेतकऱ्याच्या इंजिनवर कामाला लागला. दुर्गाबाई म्हणायची, तो माणूस सूड घ्यायला येणार असता तर त्याच दिवशी दोर सोडला असता. जगदेवला ते पटायचं. तरीही कमरेवरचा सोलाचा वळ कितीतरी महिने गेला नाही, आणि झोपेत कूस बदलताना त्याचा हात त्यावर जायचा.